नवोदयच्या हाऊसमध्ये नवं वर्ष: पहिला महिना कशासाठी राखून ठेवावा

प्रश्न विदर्भातल्या एका जवाहर नवोदय विद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकेचा आहे. त्यांच्याकडे मुलींच्या निलगिरी हाऊसची जबाबदारी आली आहे. जुन्या मुली सुट्टीवरून परतल्या आहेत, सहावीच्या नव्या मुली पुढच्या आठवड्यात येतील. त्या विचारतात: हाऊस कॅप्टन कधी आणि कशी निवडू? घरच्या आठवणीनं रडणाऱ्या मुलींना कसं सांभाळू? आणि हाऊसची गुणस्पर्धा पहिल्या दिवसापासून लावायची का? याआधी त्यांनी कधी वसतिगृह सांभाळलेलं नाही.

मॅडम, तिन्ही प्रश्नांना धरून आधी एक गोष्ट सांगते. पहिल्या महिन्यात हाऊसला एकच काम द्या. सहावीतल्या प्रत्येक मुलीला हक्काची एक मोठी मुलगी मिळाली पाहिजे, आणि त्या मोठ्या मुलीला हे काम मानाचं वाटलं पाहिजे. बिल्ले, घोषणा, गुणफलक, भिंत रंगवणं हे सगळं ऑगस्टपर्यंत थांबू शकतं. मी बरीच वर्षं नवोदयमध्ये मुलींचं हाऊस सांभाळलं. ज्या वर्षी हे जमलं त्या वर्षी डिसेंबरातल्या कुरबुरी आपोआप कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

शहरातल्या शाळेत हाऊस म्हणजे क्रीडादिनाला घालायचा लाल-हिरवा टी-शर्ट. आपल्याकडे तसं नाही. १९८५-८६ मध्ये हरियाणातलं झज्जर आणि आपलं अमरावती इथं पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली. तेव्हापासून ही निवासी शाळा आहे आणि अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही चार हाऊसं म्हणजे मुलांचं राहतं घर आहे. निवड परीक्षेतून सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं येतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. हिशेब केला तर एका हाऊसच्या वाट्याला सहावीच्या सहा-सात मुली येतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो तुमच्या बाजूचा आहे. सहा-सात मुलींना प्रत्येकी एक मोठी मुलगी देणं अजिबात अवघड नाही.

यादी हातात आली की ती नुसती फाइलला लावू नका. गाव, तालुका, आधीची शाळा, घरात बोलली जाणारी भाषा, भावंडं, आजार, सगळं वाचा. मेळघाटातून आलेल्या मुलीच्या घरी कोरकू बोलत असतील, तर मराठी ही तिची शाळेत शिकलेली भाषा आहे. ती गप्प बसली तर तिला काही येत नाही असा समज आठवड्याभरात पसरतो आणि मग तो पुसायला वर्ष जातं. हाऊसची वाटणी करताना एका तालुक्याच्या सगळ्या मुली एकत्र टाकू नयेत, हे बरोबर आहे. पण घरची भाषा बोलणारं दुसरं कुणीच नाही अशा हाऊसमध्ये एकट्या मुलीला टाकणं हेही चूक आहे. प्राचार्यांशी बोलून असा एखादा बदल यादी जाहीर होण्याआधी करून घ्या. जाहीर झाल्यावर बदललं की तिला वाटतं, आपल्याला कुणी ठेवून घेतलं नाही.

आता जोड्या. बहुतेक जण सातवीच्या मुलींकडे सहावीच्या मुली सोपवतात, कारण त्यांना सगळं ताजं आठवत असतं. मी तसं करत नसे. सातवीच्या मुलीला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याहून लहान मिळालेलं असतं, आणि गेल्या वर्षी तिनं जे सोसलं ते ती जसंच्या तसं पुढं देते. बारावीला बोर्ड असतं. माझी निवड आठवी आणि अकरावी. आठवीची मुलगी दिवसाच्या कामांसाठी: कोणत्या नळाला सकाळी पाणी टिकतं, मेसमध्ये ताट कुठं ठेवायचं, कपडे कोणत्या दोरीवर, पेटीच्या कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे. अकरावीची रात्रीसाठी. रात्री पोटात दुखलं, स्वप्न पडलं, पांघरूण ओलं झालं तर जिला न घाबरता उठवता येईल अशी ती असावी. एक अकरावीची मुलगी दोन-तीन लहानींना सांभाळू शकते. तिचा पलंग त्याच डॉर्ममध्ये, दाराच्या बाजूला ठेवा.

आणि जोडी लावताना मोठीला काय करायचं ते नेमकं सांगा. “तिची काळजी घे” म्हटल्यानं काहीच होत नाही. पहिल्या दिवशी पलंग लावून द्यायचा, पहिल्या दोन जेवणांना शेजारी बसायचं, पहिल्या रविवारी तिचे केस धुवायला मदत करायची, रोलकॉलला तिचं नाव पुकारल्यावर काय म्हणायचं ते आदल्या संध्याकाळी सांगायचं. शेवटची गोष्ट फालतू वाटेल, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला पीटीच्या मैदानावरचे हिंदी-इंग्रजी हुकूम, एम.ओ.डी. (त्या दिवशी ड्युटीवर असलेले शिक्षक), फॉल-इन (रांगेत उभं राहणं), रेमेडियल (मागं पडलेल्यांसाठीचा जादा तास) हे शब्द एकाच सकाळी कानावर आदळतात. सगळ्या रांगेसमोर चुकीच्या बाजूला वळणं तिला फार लागतं. आठवीच्या मुली हे शब्द खेळत खेळत अर्ध्या तासात शिकवतात, आपण शिकवायला गेलो तर तास घेतल्यासारखं होतं.

याच ठिकाणी एक रेघ ठळक आखावी लागते. मोठ्या मुलीला जबाबदारी आहे, हुकमत नाही. लहानीकडून पाणी भरून घेणं, कपडे धुवून घेणं, घरून आलेला चिवडा “सगळ्यांचा” म्हणून काढून घेणं, रात्री दिवे गेल्यावर “इंट्रो” घेणं, म्हणजे ओळख करून घेण्याच्या नावाखाली छळणं, यातलं काहीही चालणार नाही हे जुन्या मुलींना नव्या येण्याच्या आधी सांगा, तुमच्या तोंडानं आणि कारण देऊन. कॅप्टनला, मॉनिटरला, कुणालाही शिक्षा द्यायचा अधिकार नाही, उठाबशांचाही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. जे शिक्षकाला करता येत नाही ते अकरावीच्या मुलीला कसं करता येईल? “आम्हीही केलं, त्यातूनच घडलो” असं म्हणणाऱ्या माजी विद्यार्थिनी भेटतील. त्यांचं शाळेवरचं प्रेम खरं असतं, तरी या मुद्द्यावर त्यांचं ऐकू नका.

तक्रार येईल म्हणून वाट पाहत बसू नका, कारण पहिल्या महिन्यात सहावीची मुलगी तक्रार करत नाही. बघायचं ते डोळ्यांनी. एका लहान मुलीच्या हातात दोन बादल्या. मेसच्या रांगेत तीच मुलगी पुन्हा पुन्हा शेवटी. पालकभेटीला आलेला डबा सोमवारी रिकामा आणि ती उपाशी. आंघोळीला सगळ्यांच्या नंतर, काळोखात जाणारी. यातलं काही दिसलं की त्याच दिवशी, एकटीला, चालता चालता विचारा. ऑफिसात बोलावून विचारलं तर सगळ्या डॉर्मला कळतं आणि उत्तर मिळत नाही.

कॅप्टनचा प्रश्न यानंतर सोपा होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पदग्रहण उरकायची घाई असते, कारण कार्यक्रम ठरलेला असतो. शक्य असेल तर तो महिन्याअखेरीला ढकला. तोवर बारावीच्या दोन मुली आलटून पालटून हजेरी घेऊ देत. तेवढ्या काळात कोण काय करतं ते दिसतं. मग सातवी ते दहावीच्या मुलींना एक कोरी चिठ्ठी द्या आणि एकच प्रश्न विचारा: रात्री बरं वाटेनासं झालं तर तू कुणाला उठवशील? “कॅप्टन कोण व्हावी” असं विचारलं की खेळाडू, देखणी, इंग्रजी फाडफाड बोलणारी यांची नावं येतात. उठवायचं कुणाला हे विचारलं की एखादी शांत, मागच्या बाकावरची मुलगी वर येते, जिचं नाव तुमच्या यादीत नव्हतं. तिलाच घ्या. परेडचे हुकूम द्यायला उपकॅप्टन आहे. चिठ्ठ्या वाचून झाल्यावर फाडून टाका आणि कुणाला किती मतं पडली ते कुणालाही सांगू नका.

रडण्याबद्दल तुम्ही सगळ्यात काळजीनं विचारलंय, म्हणून यावर थोडी जास्त बोलते.

पहिल्या रात्री मुली सहसा रडत नाहीत. नवेपणा असतो, आई-बाबा संध्याकाळपर्यंत होते, दमलेल्या असतात. रडणं येतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दिवे मालवल्यावर. एक हुंदका आला की दहा मिनिटांत डॉर्म रडतं. तेव्हा दिवा लावून भाषण देऊ नका. “तू आता मोठी झालीस” हेही नको, कारण दहा-अकरा वर्षांची मुलगी मोठी नसते आणि तिला ते ठाऊक असतं. शेजारी बसा, नाव घेऊन बोला, घरी आत्ता काय चाललं असेल ते तिलाच सांगू द्या. गाय कोण बांधतं, आजी कुठं झोपते, धाकटा भाऊ कुणाच्या कुशीत. घराचा विषय टाळला की आठवण थांबत नाही, ती फक्त एकटीनं काढावी लागते. सकाळी मात्र तिच्या हाताला काम द्या: झाडांना पाणी, फळ्यावर सुविचार, वर्तमानपत्र आणणं. बसून राहिलेल्या मुलीला अकरा वाजता पुन्हा भरून येतं.

फोनचा नियम पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगा आणि मग पाळा. ठरलेला वार, ठरलेली वेळ, रडली तरी आणि नाही रडली तरी. रडल्यावर फोन जोडून दिला तर दोन गोष्टी होतात: तिला फोन हवा असेल तेव्हा रडावंच लागतं, आणि न रडणाऱ्या मुलीला आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटतं. पालकांनाही थोडं तयार करावं लागतं. निरोप देताना आईनं “तुझ्याशिवाय घर खायला उठतं” म्हणू नये, वडिलांनी “नाही आवडलं तर पुढच्या रविवारी घेऊन जाऊ” असं वचन देऊ नये. पहिलं वाक्य मुलीला अपराधी करतं, दुसरं तिला रविवार मोजायला लावतं. हे पालकांना सांगताना त्यांच्या डोळ्यांतही पाणी असतं, तेव्हा सूर मऊ ठेवा. त्यांनीही पहिल्यांदाच लेकरू दूर ठेवलंय.

सगळं स्थिरावलं असं वाटत असतानाच सण येतात. नागपंचमी, राखी, पोळा, गौरी-गणपती. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या मुलीला पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला आपण नाही हे दिवाळीइतकंच लागतं. घरी महालक्ष्म्या बसतात त्या दिवसांत ती सोळा भाज्यांचं जेवण आठवत मेसच्या ताटासमोर बसलेली असते. तारखा आधीच लिहून ठेवा आणि त्या संध्याकाळी हाऊसमध्ये काहीतरी ठरवा. मातीचे बैल करायला बसवा, राखी पाकिटात घालून पोस्टात टाकायला आठवडाभर आधी वेळ द्या, आणि ज्या मुलीला सख्खा भाऊ नाही तिची यादी मनात ठेवा.

पण सगळं रडणं आठवणीचं नसतं, हे विसरू नका. जी रडते, जेवते, खेळते, पुन्हा रडते, ती बहुतेक सावरते. जी रडत नाही पण जेवण सोडते, आंघोळ टाळते, अचानक अंथरूण ओलं करू लागते, एखाद्या ठिकाणी जायला किंवा एखाद्या माणसासमोर उभं राहायला घाबरते, तिच्याकडे त्याच दिवशी बघा. मारहाण किंवा छळ असेल तर प्राचार्यांना लेखी कळवा. लैंगिक त्रासाची शंका जरी आली तरी पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेच्या नावासाठी ते आत मिटवायचं नाही, आणि चौकशीच्या नावाखाली मुलीला तेच तेच दहा जणांसमोर सांगायला लावायचं नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक डॉर्मच्या आत, मुलींच्या उंचीवर लावा. ऑफिसच्या बाहेर लावलेला क्रमांक त्यांच्या कामाचा नाही.

पावसाळ्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. जुलैत कपडे वाळत नाहीत. ओला गणवेश अंगावर वाळवला की गजकर्ण, आणि एका मुलीची खरूज पंधरा दिवसांत अख्ख्या डॉर्मची होते. व्हरांड्यात, छपराखाली जास्तीच्या दोऱ्या बांधून घ्या आणि टॉवेल, कंगवा, अंतर्वस्त्रं यांची अदलाबदल बंद करा. खरजेला एकटीनं मलम लावून उपयोग नसतो. नर्स आणि डॉक्टरांना विचारून जवळ झोपणाऱ्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी, चादरी-कपडे गरम पाण्यातून काढून. उवांसाठी कुणाचं डोकं सगळ्यांदेखत तपासू नका. रविवारी सगळ्यांचीच वेणी घालायची वेळ ठेवा, मोठ्यांचीसुद्धा, म्हणजे कुणी वेगळी पडत नाही. आणि पाळी. सहावीतल्या काहींना पहिली पाळी इथंच येते, आईपासून दूर. पहिल्या रविवारच्या आत सगळ्या नव्या मुलींना एकत्र बसवून साध्या शब्दांत सांगा की हे काय असतं, पॅड कुठं ठेवलेत, वापरलेले कुठं टाकायचे. पॅडचं कपाट उघडं ठेवा. किल्ली मागायला लागली की मुलगी मागत नाही, कापड वापरते.

एका गटाकडे मात्र नव्या मुलींच्या गडबडीत सगळ्यांचं दुर्लक्ष होतं: नववी. आपल्या पद्धतीप्रमाणे नववीतली सुमारे ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये जातात. आपल्या मुली हिंदी भाषक राज्यात आणि तिथल्या आपल्याकडे. देशाला जोडणारी ही कल्पना मला मनापासून पटते, आणि तिथून परतलेल्या मुलींचा आत्मविश्वास मी पाहिला आहे. पण हाऊसच्या दृष्टीनं बघा. तीन वर्षं एकत्र राहिलेला गट फुटतो. जाणारीला निरोपसमारंभ असतो, मागं राहिलेल्या जिवलग मैत्रिणीला काहीच नसतं. आणि येणारी मुलगी नवी असूनही “मोठी” धरली जाते, तिला जोडीदार कुणी देत नाही. तिला मराठी कळत नाही, डॉर्ममधले विनोद कळत नाहीत, मेसमधली आमटी आणि ज्वारीची भाकरी अनोळखी असते. शिवाय याच वर्षी सगळ्यांचं माध्यम बदलतं: गणित-विज्ञान इंग्रजीत, सामाजिक शास्त्रं हिंदीत. म्हणजे मराठी मुलींना सामाजिक शास्त्रांत जी अडचण येते ती या मुलींना येत नाही. हे वापरा. मागं राहिलेली आणि आलेली यांना शेजारचे पलंग द्या आणि हिंदी-मराठीची देवाणघेवाण रात्रीच्या अभ्यासाच्या वेळेत चालू द्या. दिवाळीपर्यंत आलेली मुलगी “काय गं” म्हणायला लागते आणि आपल्या मुलीचं हिंदी उत्तर सुधारलेलं असतं.

आता गुणस्पर्धा. पहिल्या दिवसापासून नको. चार हाऊसचा फलक लागला की मोठ्या मुलींच्या डोक्यात एकच येतं: जिंकायचं. आणि जिंकण्याच्या आड पहिली कोण येते? बूट हरवलेली, वेळेवर न उठणारी, परेडमध्ये चुकणारी नवी मुलगी. “तुझ्यामुळे निलगिरीचे पाच गुण गेले” हे वाक्य सहावीच्या मुलीनं जुलैत ऐकलं तर ते तिच्या मनातून लवकर जात नाही. बाकीच्या तीन हाऊसमास्तरांशी बोलून फलक १५ ऑगस्टनंतर लावायचं ठरवा. ते तयार नसतील तर निदान तुमच्या हाऊसमध्ये एक नियम करा: एका मुलीच्या चुकीचे गुण जाहीर बोलून दाखवायचे नाहीत. सुरुवातीचे उपक्रम समूहाचे निवडा. समूहगीत, खो-खो, डॉर्मची स्वच्छता, बागेतला वाफा. खो-खोत सहावीच्या चपळ मुली बारावीला दमवतात, आणि त्या दिवशी त्या पहिल्यांदा “आमचं निलगिरी” म्हणतात. वक्तृत्व, प्रश्नमंजूषा नंतर. ती ठरावीक चार मुलींची असतात.

तुमच्या स्वतःबद्दल: एक साधी वही करा, प्रत्येक मुलीला एक पान. आठवड्यातून एकदा वही उघडा आणि जिच्या पानावर काहीच लिहिण्यासारखं सुचत नाही तिच्याशी दुसऱ्या दिवशी बोला. गोंधळ घालणाऱ्या मुली आपोआप लक्षात राहतात, राहून जातात त्या शहाण्या. रात्रीच्या पाळ्या सहायक हाऊसमिस्ट्रेससोबत आत्ताच लेखी वाटून घ्या. जुलैभर एकट्यानं जागलेली शिक्षिका ऑगस्टमध्ये चिडकी होते, आणि ती चीड सहावीवरच निघते.

मुली येण्याआधी, म्हणजे या आठवड्यात, एक फेरी मात्र रात्री नऊनंतर मारा. डॉर्मपासून स्वच्छतागृहापर्यंत चालत जा. वाटेतला प्रत्येक दिवा लागतो का, प्रत्येक दाराची कडी आतून नीट बसते का आणि दहा वर्षांच्या मुलीचा हात तिथवर पोचतो का, फरशी कुठं निसरडी आहे, हे स्वतः तपासा आणि दुरुस्तीचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळीच द्या. पहिल्या आठवड्यात अंथरूण ओलं होण्याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं: त्या काळोख्या वाटेनं एकटीनं जायची भीती वाटते.